आजीची युद्धातली वर्षं कादंबरीत आणताना: घडल्याची तारीख आणि कळल्याची तारीख

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजी सातारा जिल्ह्यातली. आजोबा मराठा पलटणीत होते, १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला बेपत्ता झाले आणि लढाई संपल्यावर घरी परतले. मधल्या काळात आजी काही महिने मुंबईत दिराच्या खोलीत राहिली. आता दोघंही नाहीत. हाताशी आहेत घरात पुन्हा पुन्हा सांगितल्या जाणाऱ्या पाच-सहा गोष्टी, पत्र्याची एक पेटी, काही पदकं आणि पत्रं. यावर कादंबरी लिहायची आहे, पण आत्या एक सांगते, काका दुसरंच. सुरुवात कुठून करावी आणि खरं कुणाचं धरावं?

खरं कुणाचं, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी एक जाड वही घ्या आणि प्रत्येक घटनेसमोर दोन तारखा लिहायला लागा: ती घडली कधी आणि आजीला कळली कधी. तिसऱ्या रकान्यात ती कशी कळली ते लिहा (तार, पोस्टमन, गाडीनं आलेला पाहुणा, चावडीवरचं वर्तमानपत्र). चौथ्यात ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली आणि तेव्हा तो माणूस किती वर्षांचा होता ते लिहा. माहीत नसेल तिथे रकाना रिकामा सोडा, अंदाजानं भरू नका. युद्धावरच्या बहुतेक घरगुती कादंबऱ्या फसतात त्या लेखक पहिल्या तारखेवर गोष्ट रचतो म्हणून. इतिहासाची पुस्तकं पहिल्या तारखेची असतात, आजीचं आयुष्य मात्र दुसऱ्या तारखेवर चाललेलं असतं.

तोब्रुकचंच घ्या. ते २१ जून १९४२ ला जर्मन-इटालियन फौजांच्या हाती पडलं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, म्हणजे २/५ मराठा, तिथे अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये होती आणि तिथेच कैद झाली. तोब्रुक पडल्याची बातमी जगभर गाजली, वर्तमानपत्र येत असलेल्या गावात ती काही दिवसांत पोचली असणार. पण ‘तुमचा माणूस बेपत्ता आहे’ हे लष्करी खात्याचं कळवणं वेगळं, आणि ‘तो जिवंत आहे, कैदेत आहे’ हे रेड क्रॉसमार्फत कळणं त्याहून वेगळं. या तिन्हींमध्ये आठवडे जात, महिनेही जात. घरात ही गोष्ट एका वाक्यात सांगतात: ‘आजोबा कैद झाले आणि लढाई संपल्यावर आले.’ तुमची निम्मी कादंबरी त्या ‘आणि’मध्ये आहे. त्या महिन्यांत मनीऑर्डर येत होती का? थांबली असेल तर कधी? पैसे सासऱ्याच्या नावावर येत की आजीच्या? पोस्टमनसमोर अंगठा कोण देई? सैनिकाच्या पगारातून घरच्यांच्या नावे रक्कम लावून देण्याची सोय होती, आणि ती कुणाच्या नावावर लावलीय यावरून घरात सुनेची जागा ठरे.

आता पेटीतली पत्रं. जुन्या पत्रांचे मायने नीट पाहा. सवाष्णीला ‘सौ.’, विधवेला ‘गं. भा.’ नवरा बेपत्ता असताना माहेरच्या पत्रात तिला काय लिहिलंय? ‘सौ.’ कायम आहे, की कुणी शिताफीनं नुसतं ‘चि.’ लिहून वेळ मारून नेलीय? अशा दोन अक्षरांवर अख्खं प्रकरण उभं राहतं, आणि तेही कुणाला रडायला न लावता.

पेटीत काय नाही तेही पाहा. मृत्यूची बातमी देणाऱ्या पत्रावर वर ‘श्री’ नसे, कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि वाचून झालं की ते पत्र फाडून टाकायची रीत होती. त्यामुळे घरातली सर्वांत महत्त्वाची पत्रं बहुधा पेटीत नसतातच. तारखांच्या मध्ये मोठी पोकळी दिसली तर ‘पत्रं हरवली’ म्हणून पुढे जाऊ नका. वहीत त्या पोकळीची तारीख टाका आणि त्या महिन्यात घरात कोण गेलं ते शोधा.

आणखी एक चूक नवे लेखक हमखास करतात. आजोबांच्या पत्रात प्रेमाचा शब्द नाही, म्हणून नातं कोरडं होतं असं ठरवतात. शिपायाला लिहिता येत नसेल तर पत्र दुसरा कुणी लिहून देई, लष्करी सेन्सॉर ते वाचे, आणि गावी पोचल्यावर मास्तर किंवा पोस्टमन ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवी. नवरा-बायकोच्या मध्ये इतकी माणसं बसलेली असताना ‘सर्व मंडळीस नमस्कार, बैलाची काळजी घेणे’ यापलीकडे काय येणार? बैलाच्या त्या ओळीत काय दडलंय ते आजीला कळत असेल. ते वाचकाला कळेल अशी तजवीज कादंबरीनं करायची. पत्र मूळ शब्दांतच छापा, त्यात भावना घालून ते गोड करू नका. काही पत्रं किंवा हिशेबाचे कागद मोडीत असले तर मोडी वाचणाऱ्याकडून आधी अक्षरशः लिप्यंतर करून घ्या, अर्थ नंतर लावा. कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पोस्टाचे शिक्के वेगळे जवळून टिपा. फील्ड पोस्ट ऑफिसच्या (लष्करासोबतच्या टपाल कचेरीच्या) शिक्क्यावरचा आकडा पत्र कुठून निघालं ते सांगू शकतो, कारण मजकुरात ठिकाण लिहायला बंदी असे.

पदकांकडे लोक कौतुकानं पाहतात, पुराव्यासारखं पाहत नाहीत. सहा टोकांचे पितळी रंगाचे तारे कोणत्या आघाडीवर सेवा झाली ते सांगतात. तोब्रुकला कैद झालेल्या माणसाकडे १९३९-४५ चा तारा आणि आफ्रिका स्टार असायला हवा. इटली स्टार नको, कारण तो जून १९४३ नंतर इटलीच्या आघाडीवर प्रत्यक्ष सेवेत असलेल्यांना मिळाला, आणि कैदेतला काळ त्यात धरत नाहीत. पेटीत इटली स्टार निघाला (फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल असते) तर दोन शक्यता. आजोबा तोब्रुकला नव्हतेच, किंवा घरात दोन भावांच्या गोष्टी एकाच्या नावावर जमा झाल्यात. दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आढळते. ताऱ्याची मागची बाजू आणि गोल पदकाची कड भिंगातून पाहा. हिंदी सैनिकांच्या पदकांवर पुष्कळदा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तो नंबर मिळाला की बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरकडे किंवा जिल्हा सैनिक कार्यालयात अर्ज करता येतो. नुसत्या नावावर अर्ज करू नका. एकाच नाव-आडनावाचे कितीतरी शिपाई एकाच तालुक्यातून गेलेले असतात.

घरातलं दुसरं कुणी लढाईत मरण पावलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी बघा. तिथे वडिलांचं आणि बायकोचं नाव, गाव, जिल्हा असं बरंच मिळतं, पण इंग्रजी स्पेलिंग कसंही असतं, म्हणून आडनावाची चार-पाच रूपं घालून पाहा. पलटणीच्या रोजच्या हालचाली लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या युद्ध-डायऱ्यांत आहेत. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेच्या डायऱ्या डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १६९ या मालिकेत, इटलीच्या १७० मध्ये, आग्नेय आशियाच्या १७२ मध्ये. मात्र या डायरीतली माहिती आजीला कधीच नव्हती, हे विसरू नका. ती तुमच्या वहीच्या पहिल्या रकान्यात राहील. कादंबरीत ती थेट ओतलीत की आजी नाहीशी होते आणि नकाशे सुरू होतात.

कैदेचा भाग जपून हाताळा. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी सैनिकांना इटलीत नेलं, तिथे अवेझ्झानोला त्यांची छावणी होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शस्त्रं खाली ठेवल्यावर काही निसटले, काहींना जर्मनांनी आपल्याकडे हलवलं. कैद्यांतले काही सुभाषबाबूंनी जर्मनीत उभारलेल्या आझाद हिंद लीजनमध्ये दाखल झाले. अशा घरांत त्या दोन वर्षांबद्दल जी गप्पगप्प असते ती लाजेची, अभिमानाची की पेन्शन जाईल या भीतीची, हे कागदावरून ठरत नाही. माहीत नसेल तर आजीलाही ते माहीत नव्हतं असं लिहा. तसं ते असण्याची शक्यता मोठी आहे.

मुंबईच्या भागाकडे येऊ. ‘मुंबईवर बॉम्ब पडले तेव्हा आजी भायखळ्याला होती’ असं घरात कुणीतरी सांगणारच. दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर हवाई हल्ला झाला नाही. विशाखापट्टण, काकिनाडा, कलकत्ता इथे झाला. मुंबईत झाला तो गोदीतला स्फोट: शुक्रवार, १४ एप्रिल १९४४, दुपारी चारच्या सुमारास, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या होत्या, आणि सोनंही होतं. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. आवाज ऐकणाऱ्याला तो बॉम्बच वाटणार, त्यामुळे ‘बॉम्ब पडला’ हे आजीचं वाक्य तिच्या तोंडी तसंच ठेवा. ते दुरुस्त करायचा मोह निवेदकाला होऊ देऊ नका.

इथेही दोन तारखा आहेत. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी ही बातमी दिली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना सविस्तर छापायची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे साताऱ्याकडच्या घरात जवळजवळ महिनाभर मुंबईहून पळून आलेल्या माणसांच्या तोंडूनच काय ते कळत होतं, आणि मुंबईत कामाला असलेल्या दिराचं काय झालं ते वर्तमानपत्रातून कळायची सोय नव्हती. योगायोग असा की त्याच १४ एप्रिलला पश्चिम खानदेशात चिमठाण्याजवळ साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या (ब्रिटिशांना न जुमानता उभारलेल्या समांतर सरकारच्या) माणसांनी सरकारी खजिना लुटला. प्रतिसरकारचा जोर असलेल्या कुंडल-वाळव्याच्या बाजूच्या घरात ‘तो दिवस’ म्हणजे कदाचित हा असेल. तेव्हा आत्या आणि काका एकाच तारखेला दोन वेगळ्या गोष्टी सांगत असले तर दोघंही बरोबर असू शकतात. (सोन्याची वीट अंगणात येऊन पडल्याची गोष्ट मात्र दर दुसऱ्या मुंबईकर घरात ऐकायला मिळते. विटा उडाल्या हे खरं, गोदीतला गाळ काढताना पुढे वर्षानुवर्षं सापडत राहिल्या हेही खरं. तुमच्या घरी पडली असेल तर कादंबरीत घेऊ नका, कुणी विश्वास ठेवणार नाही.)

आठवणींची सर्वांत मोठी सरमिसळ होते ती पुढच्या युद्धांशी. खिडक्यांना काळा कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, भोंगा वाजला की दिवे बंद: हे १९४२ चंही आहे, १९६५ आणि १९७१ चंही. सांगणारी आत्या १९५२ साली जन्मली असेल तर तिची ब्लॅकआउटची आठवण १९६५ ची किंवा १९७१ ची आहे. आजीची गोष्ट ऐकून तिनं आपलंच चित्र त्यावर चिकटवलंय. म्हणून चौथ्या रकान्यात वय लागतं. रेशनचंही तसंच. मुंबईत रेशनिंग मे १९४३ मध्ये सुरू झालं. पण ‘रेशनचा लाल मिलो (ज्वारीचा प्रकार) खाल्ला’ ही आठवण साठच्या दशकातल्या अमेरिकन धान्याची आणि १९७२ च्या दुष्काळाची आहे, आणि सुकडीही त्याच दुष्काळातली. चव खरी, वर्ष चुकीचं. १९४३ मध्ये नाहीसा झाला तो रंगूनचा तांदूळ, कारण मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं. ब्रह्मदेशच्या तेलाबरोबर घासलेटही टंचाईत गेलं. कापडावर १९४३ पासून नियंत्रण आलं. नऊवारी नेसणाऱ्या बाईला त्याचा अर्थ काय, हे पुरुष लेखकांनी जरा मोजून पाहावं.

बारीक वस्तूंवर कादंबरी पकडली जाते. किलो, लिटर नको: शेर, पायली, मण. शेर-पायलीचं माप भागाभागात बदले, म्हणून तुमच्या तालुक्याचंच विचारा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. ‘नवा पैसा’ १ एप्रिल १९५७ चा. त्या वर्षांत चिल्लरीची टंचाई होती, लोक चांदीचे रुपये दडवत होते. एक रुपयाची नोट १९४० मध्ये आली, १९४३ पासून भोकाचा पैसा चालू झाला. आजी तो दोऱ्यात ओवून ठेवत असेल तर हा तपशील तारीख न लिहिताही साल सांगतो. ट्रान्झिस्टर नाही, गॅस नाही. सांगली जिल्हा नाही, तो भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आणि मध्ये मध्ये औंधसारखी संस्थानं होती. कुंडल औंध संस्थानात होतं, त्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावात गेलं की सरकारच बदले.

घड्याळाची वेळ शक्यतो देऊच नका. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत स्टँडर्ड टाइम एक तास पुढे केलेला होता, शिवाय मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेला ‘मुंबई टाइम’ लोकांच्या बोलण्यात आणि काही घड्याळांत होताच. गिरणीचा भोंगा, गाडीची वेळ, गुरं परतायची वेळ लिहा, म्हणजे चुकत नाही.

आजीची पिढी तिथीनं बोले. ‘गांधीजींना श्रावणात धरलं’ असं ती म्हणाली असेल तर हसू नका. ९ ऑगस्ट १९४२ आषाढ वद्यात येतो, त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, आणि श्रावण तीन-चार दिवसांनीच लागला. बातमी गावात पोचेपर्यंत श्रावण लागलाही असेल, म्हणजे तिनं कळल्याची तारीख बरोबर सांगितली. कस्तुरबा गेल्या तो २२ फेब्रुवारी १९४४ चा दिवस महाशिवरात्रीचा. ‘शिवरात्रीच्या उपासाच्या दिवशी तुझ्या बापाला ताप होता आणि कस्तुरबा गेल्या’ असं वाक्य मिळालं की तारीख पक्की. जुनी पंचांगं मिळवा आणि १९३९ ते १९४६ सणांच्या तारखा वहीच्या शेवटी लिहून ठेवा.

आता माणसांना विचारायचं कसं. त्या काळात आठ-दहा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत, त्यामुळे हे काम आधी उरका, ग्रंथालयं कुठे जात नाहीत. एका वेळी पाऊण तास पुरे. प्रत्येकाला एकटं गाठा. चौघं एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते, आणि ती गुंतवळ नंतर सुटत नाही. फोन विमान-मोडवर टाकून त्यावर ध्वनिमुद्रण करा, पंखा बंद करा, स्वयंपाकघरात कुकर लावलेला नको. ‘तेव्हा कसं वाटलं?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. वस्तू विचारा: घासलेटचा डबा कुठे असे, जातं कोणत्या भिंतीशी होतं, पत्र आलं की आधी कुणाच्या हातात जाई, आजी ते ऐकताना उभी असे की बसलेली. जागा हाताला लागली की माणसं मागोमाग येतात. तासाभराचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला पाच-सहा तास धरा. बोली जशीच्या तशी लिहा, ‘व्हतं’चं ‘होतं’ करू नका. जुळत नसलेल्या आवृत्त्या वहीत शेजारी शेजारी राहू द्या. आजीच्या ओव्या कुणाला येत असतील तर पहिल्या भेटीतच घ्या. म्हणणारी नुसत्या आठवायला बसली तर अडखळते, हातानं जातं फिरवायची लय धरली की पुढची ओळ येते. पुण्यात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेला ओव्यांचा लाखावर संग्रह आहे. आपल्या भागातल्या बायकांनी पलटणीत गेलेल्या भावा-नवऱ्याबद्दल काय गायलंय ते त्यात पाहा, पण त्यातली ओवी तुमच्या आजीच्या तोंडी घालू नका. ती म्हणणाऱ्या बाईचं नाव तिथे नोंदलेलं असतं.

रचनेबद्दल थोडंच, कारण वही भरली की ती बरीचशी सुचते. नातवंडाला पेटी सापडते आणि गोष्ट उलगडते, हा साचा इतका झालाय की पहिल्या पानावर पेटी दिसली की संपादक उसासा टाकतात. नातवंडाचा निवेदक हवा असेल तर त्याला एकूण मजकुराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त जागा देऊ नका, आणि त्याला आजीपेक्षा जास्त माहिती असेल तिथे गप्प बसवा. प्रकरणं कळल्याच्या तारखेनं लावा. म्हणजे तोब्रुकचं प्रकरण जूनमध्ये नाही, निरोप आला त्या महिन्यात येईल. वाचकाला तोब्रुक पडल्याचं आधीच ठाऊक असेल, तरीही. उलट त्यामुळेच मधलं पेरणी-भांगलणीचं प्रकरण ताणलं जातं, तिथे वेगळी भीती पेरावी लागत नाही. जिथे दोन आवृत्त्या जुळत नाहीत तिथे एक निवडा आणि ती ठामपणे लिहा. दुसरी एखाद्या पात्राच्या तोंडी येऊ द्या. ‘कुणी म्हणतं असं, कुणी म्हणतं तसं’ ही कसरत एकदा चालते, प्रत्येक प्रकरणात केलीत की वाचक सोडून देतो.

आजी आजोबांचं नाव घेणार नाही. ‘हे’, ‘तिकडची स्वारी’, ‘अमक्याचा बा’: यातलं काय, ते घराच्या जातीवर आणि गावावर ठरतं, म्हणून अंदाजानं लिहू नका, आत्याला विचारा. आजोबा परतल्यावर पहिल्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली असेलच असं नाही, सासू-सासऱ्यांदेखत तर नाहीच. भेटीचा प्रसंग मिठीचा लिहिलात तर तो तुमच्या पिढीचा होईल.

शेवटी व्यवहाराचं. पत्र ज्याच्या पेटीत आहे त्याचा त्यातल्या मजकुरावर हक्क असतोच असं नाही. तो लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो. शब्दशः छापणार असाल तर वारसांची लेखी संमती घ्या, तीही हस्तलिखित वाचायला देण्याआधी. एकदा चुलत्यांनी ‘आमच्या बापाला असं का दाखवलं’ म्हटलं की सही मिळत नाही. जमिनीचे वाद, दुसरं लग्न, कर्ज असे विषय असतील तर नावं आणि गाव दोन्ही बदला. नुसतं आडनाव बदलून भावकीला काहीच लपत नाही. आणि छपाईला देण्याआधी एक वाचन फक्त दुसऱ्या रकान्यासाठी करा: प्रत्येक पानावर बोट ठेवून विचारायचं, हे तिला तेव्हा माहीत होतं का. माहीत नव्हतं ते वाक्य काढा, कितीही छान असलं तरी.